‘मोफत’ वॉकचे पैसे कोणी द्यायचे?

संपादक महोदय,

पाऊस ओसरला की रविवारी सकाळी मुंबईत फोर्ट, काळा घोडा, बाणगंगा इथे हेरिटेज वॉकचे, म्हणजे गाइडबरोबर जुन्या वास्तू बघत पायी फिरणाऱ्यांचे, घोळके दिसू लागतात. दोन तास सगळे मन लावून ऐकतात. वॉक संपला की मात्र जो तो मोबाइलमध्ये डोकं घालतो, कारण गाइडला काही द्यायचं का आणि किती, हे कुणीच सांगितलेलं नसतं.

‘मोफत, इच्छेनुसार द्या’ अशा वॉकमध्ये बहुतेकदा तीच गाइडची कमाई असते. जाहिरातीत ‘मोफत’ एवढंच वाचून आलेला माणूस शेवटच्या थांब्याआधी हळूच सटकतो आणि प्रेमचंद रायचंदांनी आईच्या नावाने राजाबाई टॉवर कसा उभारला, हे उन्हात उभं राहून रंगवून सांगणारी मुलगी रिकाम्या हाताने चर्चगेट गाठते. इथे टीप म्हणजे फीच. तशाच तिकिटाच्या वॉकला जेवढे पडतात, त्याच्या आसपास द्यावेत. सुट्टे नाहीत ही सबब यूपीआयने केव्हाच संपवली आहे.

तिकीट आधीच भरलं असेल आणि आयोजक स्वतःच फिरवत असेल, तर टीप नाही दिली तरी चालतं. गाइड फेरीमागे मानधनावर असेल, तर शंभर-दोनशे त्याच्याच हातात द्यावेत. आयोजकाच्या क्यूआर कोडवर टाकलेले पैसे गाइडपर्यंत पोचले की नाही, आपल्याला कळत नाही.

कार्यशाळांचं वेगळं. वारली चित्रं किंवा मातीकाम शिकवणाऱ्याने फी स्वतः ठरवलेली असते. वर नोट पुढे केली की तो अवघडतो. त्यापेक्षा त्याने विक्रीला ठेवलेली एखादी वस्तू घासाघीस न करता घ्यावी. द्यायचेच असतील तर माती मळणाऱ्या, ब्रश धुणाऱ्या मदतनिसाला द्यावेत. त्याच्याकडे कुणाचं लक्षच जात नाही.

सक्ती मात्र नको. हॉटेलांनी बिलात सेवाशुल्क परस्पर लावू नये, असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्ये बजावलं आणि दिल्ली उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये ते उचलून धरलं. बुकिंग करतानाच आपल्याला न विचारता जोडलेली टीप मला त्याच जातीची वाटते.

आदल्या दिवशी ‘सकाळी आठला फ्लोरा फाउंटनपाशी जमा, पाण्याची बाटली आणा’ असा निरोप आयोजक पाठवतातच. त्यात गाइडचं मानधन तिकिटात धरलंय की नाही, हेही लिहावं.

– एक वाचक, गिरगाव