स्वमग्नतेची तपासणी कुठे होते?

महोदय,

माझा भाचा अडीच वर्षांचा आहे. हाक मारली तरी वळून बघत नाही. खाऊ हवा असला की बोट दाखवत नाही, आईचं मनगट धरून तिचा हात डब्यावर नेऊन ठेवतो. 'बापही उशिराच बोलला होता,' असं सगळे सांगतात. तपासणी कुठे करायची, ते कुणी सांगत नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाडीत येतात, त्यांच्या तपासणीच्या यादीत ऑटिझम, म्हणजेच स्वमग्नताही आहे. पुढचं मूल्यमापन जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात मोफत होतं. मग या केंद्राचा पत्ता आणि तपासणीचे वार प्रत्येक अंगणवाडीच्या दारावर का लावत नाहीत? शिवाय निदानाचा कागद हाती येईपर्यंत वाचा-उपचार थांबवू नयेत. या वयातले महिने फार मोलाचे असतात.

– एक मावशी, सातारा