नकाशावरची खूण पुरेशी नाही

‘स्कायडायव्हिंगचा थरार’ हा अमेरिकेतील हवाई उड्यांवरचा लेख वाचला. त्यात लहान विमानांकडून असलेल्या धोक्याचा उल्लेख राहून गेला. तिथल्या नियमानुसार उडीच्या किमान ५ मिनिटे आधी उडी मारणाऱ्यांना नेणाऱ्या विमानाच्या वैमानिकाला हवाई वाहतूक नियंत्रणाशी रेडिओ संपर्क साधावा लागतो. पण जवळून जाणारा हौशी वैमानिक ती रेडिओ फ्रिक्वेन्सी ऐकतच नसेल, तर त्याला काहीच कळत नाही. ‘डोळ्यांनी पाहून टाळू’ हा भरवसा इथे घातक आहे. १३ हजार फुटांवरून उडी मारलेला माणूस ताशी सुमारे १९० किलोमीटर वेगाने थेट वरून येतो, आणि वर पंख असलेल्या सेस्नासारख्या लहान विमानातून नेमका तोच भाग झाकलेला असतो. पडणाऱ्या माणसाला तर ऐनवेळी बाजूला होणे जवळपास अशक्यच असते. शिवाय उडी धावपट्टीच्या डोक्यावर नव्हे, वारा ज्या दिशेने येतो त्या बाजूला, कधी एक-दोन किलोमीटर दूर मारतात. म्हणून वैमानिकाने आपल्या हवाई नकाशावर उड्यांची जागा दाखवणारी पॅराशूटची खूण दिसताच नोटॅम (वैमानिकांसाठीची ताजी सूचना) पाहावा, त्या विमानतळाची फ्रिक्वेन्सी लावावी, आपली जागा व उंची सांगावी आणि वाऱ्याची ती बाजू सोडून लांबून वळसा घ्यावा.

– एक वाचक, पुणे