अर्थशास्त्राची वाट अकरावीतच अडते

महोदय,

अकरावीला कला शाखा घेताना अर्थशास्त्राची आवड असणारी मुलेही गणित सोडतात आणि त्या वेळी त्यांना कोणी अडवत नाही. बी.ए.ला चांगले गुण मिळाल्यावर मात्र हीच मुले बाहेरच्या संस्थांच्या प्रवेश अर्जांपाशी अडतात. गोरेगावच्या इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेत एम.एस्सी.साठी बारावीचे गणित मागतात. भारतीय सांख्यिकी संस्थेच्या प्रवेश परीक्षेत गणिताचा स्वतंत्र पेपर असतो. दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचा एम.ए. प्रवेश सीयूईटी-पीजी या पदव्युत्तर अभ्यासक्रमांच्या सामायिक प्रवेश परीक्षेतून होतो: 75 प्रश्न, बरोबर उत्तराला 4 गुण, चुकल्यास 1 वजा. तिथे अंदाजपंचे उत्तरे देणे महागात पडते. गणित सुटलेच असेल, तर पदवीला गणित किंवा संख्याशास्त्र हा मायनर म्हणजे दुय्यम विषय घ्यावा आणि अवकलन, मॅट्रिक्स, संभाव्यता एवढे तरी पक्के करावे.

दुसरी अडचण प्रकल्पाची. गुळाच्या सौद्यावर 50 शेतकऱ्यांकडून प्रश्नावली भरून घ्यायची, टक्केवारीचे तक्ते काढायचे, की प्रकल्प संपला! हे 50 जण कसे निवडले, हे त्यात कुठेच नसते आणि मुलाखतीत नेमके तेच विचारतात. त्यापेक्षा केंद्राच्या श्रमबल सर्वेक्षणाची, म्हणजे रोजगार-बेरोजगारीच्या पाहणीची, मूळ आकडेवारी घ्यावी. ती मोफत मिळते आणि ‘आर’ हे सॉफ्टवेअरही फुकट आहे. फक्त प्रत्येक नोंदीसोबतचा भारांक (ती नोंद किती लोकांच्या वतीने धरायची तो आकडा) वापरायला विसरू नये, नाहीतर बेरोजगारीचा दरच चुकीचा निघतो. असे काम केलेल्या विद्यार्थ्याबद्दल शिफारसपत्रात लिहायला प्राध्यापकांकडेही काही असते. परदेशी पीएच.डी.साठी बहुधा अशी तीन पत्रे लागतात. ‘हुशार, नम्र, नियमित’ एवढ्यावर तिथे कोणी प्रवेश देत नाही.

इथल्या पीएच.डी.बाबत एक गैरसमज फार दिसतो. नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून मिळालेली सहायक प्राध्यापकपदाची पात्रता कायम राहते, पण पीएच.डी. प्रवेशासाठीचे नेटचे गुण एकच वर्ष चालतात. जेआरएफ (नेटमधूनच मिळणारी संशोधन शिष्यवृत्ती) नसलेल्यांची प्रवेश यादी लावताना 70 टक्के भार नेटला आणि 30 टक्के मुलाखतीला असतो. त्यामुळे निकाल लागल्याबरोबर विद्यापीठांच्या जाहिरातींवर लक्ष ठेवायला हवे.

नावाचे तर विचारूच नका. गुणपत्रिकेवर ‘पाटील सागर वसंत’, पासपोर्टवर ‘सागर वसंत पाटील’, शोधनिबंधावर ‘एस. व्ही. पाटील’. गुणपत्रिकेतला क्रम तसाच उतरवला, की शोधनिबंधांची ऑनलाइन सूची ‘वसंत’ हेच आडनाव धरते आणि एकाच संशोधकाचे निबंध दोन नावांखाली विखुरतात. पहिल्या निबंधाआधीच ओआरसीआयडी हा संशोधकाची ओळख पटवणारा 16 अंकी क्रमांक काढावा. तो विनामूल्य आहे आणि नावाची इतर रूपेही त्यात नोंदवता येतात.

यातले बरेचसे शिक्षकांच्या हातात आहे. जिल्ह्यातल्या कॉलेजांनी अकरावीच्या प्रवेशावेळीच गणिताची ही अट मुलांना आणि पालकांना सांगावी आणि बी.ए.च्या पहिल्या सत्रापासून आठवड्याला दोन तास गणितासाठी राखून ठेवावेत.

– अर्थशास्त्राचा एक प्राध्यापक, कोल्हापूर