नाव तेच, डबा तोच, आतला रंग दुसराच (सहाव्या फोननंतरची लेखी तक्रार)

मॅनेजर साहेब,

काल दुपारी तुमच्या कस्टमर केअरवाल्याने माझं बोलणं चालू असताना फोन ठेवला, म्हणून आता लेखी. बिल, बॅच नंबर, डब्यांचे फोटो सगळं सोबत जोडलंय, आधीच्या पाच फोनला प्रत्येकाने पहिल्यापासून जे विचारलं तेच परत कोणी विचारू नये.

तुमचा ड्युअल पॅक ॲल्युमिनियम पेंट. एका डब्यात पेस्ट, दुसऱ्यात मिडियम, ज्या दिवशी मारायचा त्याच दिवशी कालवायचा. आयएस 2339, म्हणजे या रंगाचं भारतीय मानक, तोच आहे, वेगवेगळे डबे का असतात हे तुम्हाला मी सांगायला नको. आधी एक लिटर सॅम्पल घेतलं, मारून पाहिलं, पाहिजे तस्साच. म्हणून 20 लिटर मागवला. आले चार-चार लिटरचे पाच डबे, नाव तेच, लेबल तेच, आणि आत सगळं आधीच कालवून ठेवलेलं आणि चमकी घातलेलं. चमकीच म्हणणार मी, दुसरा शब्द नाही त्याला.

आमचं काम काय आहे ते पाच वेळा सांगून झालंय, सहाव्यांदा सांगतो. कॉलेजच्या आवारात एक जुनं व्हॅम्पायर विमान उभं आहे, टी-55, दोन सीट शेजारी-शेजारी असलेलं ट्रेनिंगचं. 1948 ला आपल्या हवाई दलात आलेलं पहिलं जेट म्हणजे व्हॅम्पायर, नंतर बंगलोरला एचएएल या सरकारी विमान कारखान्यातही बनायचं. मी रिटायर्ड एअरफ्रेम फिटर, म्हणजे विमानाच्या सांगाड्याचं काम करणारा, नोकरीच्या सुरुवातीला याच मशीनवर हात काळे केलेत, आता रविवारी पोरांना घेऊन त्याची डागडुजी करतो, फुकट. या विमानाची गंमत अशी की पुढचा भाग, जिथे पायलट बसतो तो, चक्क लाकडाचा आहे. प्लायवूड, मध्ये बाल्सा, परत प्लायवूड. पंख आणि शेपटी धरून ठेवणाऱ्या मागच्या दोन दांड्या पत्र्याच्या. त्यामुळे नुसता पत्रा घासून चमकवला की झालं असं इथे होतच नाही, याचा चंदेरी म्हणजे रंगच, आणि तो लाकडावर आणि पत्र्यावर सारखाच दिसला पाहिजे, जोड कुठे आहे ते कळता कामा नये. आणि हा रंग नुसता शोभेचा पण नाही, ॲल्युमिनियमच्या बारीक चकत्या माशाच्या खवल्यांसारख्या एकावर एक बसतात म्हणून तर ऊन आणि ओल आतल्या लाकडापर्यंत जात नाही.

मूळ रंग कसा होता हे आम्ही अंदाजाने ठरवलेलं नाही. शेपटीखालची एक छोटी प्लेट खोलली तर तिच्याखाली तळहाताएवढा जुना रंग शाबूत सापडला. राखेने घासलेलं जर्मनचं पातेलं आठवा, त्याची बाहेरची बाजू. करडा, मंद, उन्हात धरला तरी एक कण चमकत नाही. तुमचं सॅम्पल त्याच्या शेजारी मारलं तर कुठला नवा कुठला जुना ओळखू येईना, पोरांनी टाळ्या वाजवल्या होत्या हो.

आणि नवीन डब्यातला? शेडमध्ये ट्यूबलाइटखाली कळलं नाही, डाव्या दांडीला दोन हात मारून झाले. सकाळी दार उघडलं, ऊन आत आलं, आणि दांडी काजूकतलीसारखी चकाकायला लागली. वर्ख लावल्यासारखी. एक पोरगा म्हणाला, सर वरातीची गाडी झाली.

आता कालचा फोन. हा मी शब्दशः लिहितोय कारण फोन ठेवल्यावर लगेच वहीत उतरवून काढला.

तुमचा माणूस: सर, सिल्वर म्हणजे सिल्वर असतो.
मी: कण जाडा आहे, सॅम्पल वेगळं होतं.
तो: सर शेड आरएएल 9006 ला मॅच होतेय.
मी: अहो शेडचा नंबर कण किती जाडा ते सांगतो का?
तो: (टाइप केल्याचा आवाज, बराच वेळ) सर, हे विमान उडणार आहे का?
मी: नाही.
तो: मग?

मग. एवढंच. साहेब, मी नोकरीत असंख्य वरिष्ठांची बोलणी खाल्लीत, पण या "मग?" ने मला रात्री झोप लागली नाही. मी तरी शांतपणे सांगत होतो की उभ्या विमानाचं लाकूड पण कुजतं, तर म्हणे गेटला, ग्रिलला, पाण्याच्या टाकीला लोक हाच मारतात, कोणाची कंप्लेंट नाही. खाली रेड ऑक्साइड मारा म्हणे. ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर रेड ऑक्साइड! अशा पत्र्यावर रंग धरावा म्हणून खाली मारायचा एच (etch) प्रायमर तुमच्याच कॅटलॉगमध्ये आहे, पान उलटायचे कष्ट घ्या जरा. आणि वर कडी म्हणजे, "क्लिअर मारून घ्या सर, कारसारखी शाइन येईल." व्हॅम्पायरला कारसारखी शाइन! एवढं बोलून "अजून काही मदत करू शकतो का" विचारलं आणि उत्तराच्या आधी फोन कट.

मी रागावून लिहायचं नाही असं ठरवलं होतं, ते जमलेलं दिसत नाही. पण मुद्दा साधा आहे, तुम्ही माल बदलला आणि नाव बदललं नाही. सॅम्पल एक, माल दुसरा. आमच्या घराच्या खिडक्यांना वडील दर दिवाळीआधी तुमचाच रंग लावायचे, त्या भरवशावर मी दुसऱ्या कंपनीचा डबा हातात पण घेतला नाही, ही माझी चूक.

मला पाहिजे ते असं: सॅम्पलच्या बॅचचा, दोन वेगळ्या डब्यांमधला 20 लिटर माल, आणि डावी दांडी परत पत्र्यापर्यंत आणायला लागणाऱ्या रिमूव्हर आणि पॉलिश पेपरचा खर्च. पोरांच्या दोन रविवारांचे पैसे तुम्ही देऊ शकणार नाही, ते सोडून देतो. पंधरा दिवसांत उत्तर नाही आलं तर जिल्हा ग्राहक आयोगात जाणार, सॅम्पलचा पत्रा आणि तुमचा पत्रा दोन्ही घेऊन, उन्हात दाखवायला.

आणि हो, पाचवा डबा अजून उघडलेला नाही, त्याचं झाकण फुगलंय. ॲल्युमिनियमच्या पेस्टला ओल लागली की हायड्रोजन सुटतो हे तुमच्या फॅक्टरीत कोणाला तरी माहीत असेलच. माणूस पाठवा, त्याच्यासमोर उघडतो. तो "मग?" वाला आला तर उत्तमच.