नाना, त्या १,९४२ रुपयांबद्दल

ती. आई आणि ती. नाना यांना सा. न.

रविवारी नानांच्या क्रेडिट कार्डाच्या स्टेटमेंटवरच्या न ओळखलेल्या नोंदींवरून फोनवर नाना आणि मी एकमेकांवर ओरडत होतो आणि मागे कुकरच्या शिट्ट्या चालू होत्या. कुणाचंच कुणाला नीट ऐकू आलं नाही, म्हणून लिहून पाठवते. हा कागद नाना लाल वहीत लावून ठेवतील, हे मला माहीत आहे. फोनवरचं माझं बोलणं कुठल्या खात्यात जमा होतं, ते मात्र अजून कळलेलं नाही.

आधी पेट्रोलचं. स्टेटमेंटवर जी फर्म दिसते, ती आपल्या धुळे रोडच्या पंपाचीच. पाटीवर कंपनीचं नाव असतं आणि कार्डाच्या मशिनवर मालकाच्या फर्मचं. हजाराच्या पेट्रोलवर दहा रुपये अधिभार लागला आणि तो परत आला, पण त्यावरचा १ रुपया ८० पैसे जीएसटी परत आला नाही. तीस वर्षं जिनिंगची वही लिहिलेल्या माणसाला तो एक रुपया ऐंशी पैशांचा फरक झोपू देणार नाही, हे कबूल. पण त्यात चोरी नाही.

चोरी दुसऱ्या ओळीत आहे. १,९४२ रुपये, त्याखाली ६७ रुपये ९७ पैसे मार्कअप, त्यावर १२ रुपये २३ पैसे जीएसटी. मार्कअप म्हणजे परदेशी व्यवहारावर बँक लावते तो आकार. तो लागला म्हणजे व्यवहार परदेशातला. "ओटीपी आलाच नाही तर पैसे गेले कसे?" असं नाना दहा वेळा विचारत होते. आपल्याकडच्या ऑनलाइन दुकानांना सहसा ओटीपी लागतो. परदेशी वेबसाइटवर बऱ्याचदा नुसता कार्ड नंबर, तारीख आणि मागचे तीन आकडे पुरतात. आणि दुबईला दादाकडे जाताना आपण बँकेच्या ॲपमधून परदेशी व्यवहार चालू केले होते ना? ते बंद करायचे राहिले. ते मीच चालू करून दिले होते, तेव्हा ती चूक माझ्या नावावर मांडा.

आता खरं सांगते. मला त्या १,९४२ रुपयांची भीती वाटली नाही. मला घाम फुटला तो नानांनी गुगलवर शोधलेल्या "कस्टमर केअर"च्या नंबराने. बँकेच्या नावाने खोटे नंबर लोक तिथे टाकून ठेवतात आणि घाबरलेला माणूस आपणहून त्यांना फोन करतो. गोड बोलणाऱ्या त्या माणसाने "रिफंडसाठी" एक ॲप टाकायला सांगितलं. ते ॲप उघडलं असतं तर आपला स्क्रीन त्याला दिसला असता, आलेला प्रत्येक ओटीपीसुद्धा. मग गोष्ट दोन हजारांवर थांबली नसती, पेन्शनच्या खात्यापर्यंत गेली असती. शिवाय ओटीपी आपल्या हातून गेला की बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान आपलंच धरतात.

आई, तू कणकेच्या हाताने येऊन "कोनसंगे बोली राहिनात?" म्हणत फोन कट केलास, त्याबद्दल नाना अजून फुगून बसले असतील. बसू देत. नशीब, ॲप अर्धंच उतरलं होतं आणि ते मी काढायला लावलं. तुझ्यामुळे वाचलो आपण.

पुन्हा असं काही दिसलं तर कार्डाच्या मागे छापलेल्या नंबरावरच फोन करायचा, नाहीतर बँकेच्या ॲपमधून कार्ड बंद करायचं. त्या नंबरावर बारा मिनिटं गाणं ऐकवतात, मीही ऐकलं आहे, पण ऐकायचं. पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० या सरकारी सायबर हेल्पलाइनला फोन.

आपली तक्रार वेळेत गेली. एसएमएस गुरुवारी रात्रीच आला होता. कर्जाच्या जाहिरातींच्या ढिगात तो दबला. शनिवारी स्टेटमेंट पाहिलं, रविवारी आपण नोंदवलं. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात नियम घालून दिला: आपली चूक नसताना तिसऱ्याच कुणी पैसे उडवले आणि बँकेचा निरोप मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर आपल्यावर भार शून्य. चौथ्या ते सातव्या कामकाजाच्या दिवसात कळवलं तर पाच लाखांपर्यंतच्या लिमिटच्या क्रेडिट कार्डावर १०,००० पर्यंत भार येऊ शकतो. चूक ग्राहकाची होती हे सिद्ध करणं बँकेचं काम. दहा कामकाजाच्या दिवसांत त्यांनी रक्कम तात्पुरती जमा करायची आणि नव्वद दिवसांत निकाल लावायचा.

नाना, "एक पैसा भरणार नाही" हे मात्र करू नका. बाकीचं बिल तारखेला भरा. फसवणूक म्हणून नोंदवलेल्या रकमेवर निकाल लागेपर्यंत बँकेला आकार लावता येत नाही, पण त्या रागात पेट्रोल आणि औषधांचे पैसे थकवले तर त्यावर व्याज चढेल, आणि ते कसं चढतं हे तुम्ही मला शिकवलंय.

तक्रार क्रमांक वहीत लिहिलाय ना? तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाऊ, त्याला वकील लागत नाही. नवीन कार्डाचा नंबर वेगळा येईल, तेव्हा लाइट बिलाचं ऑटोपे पुन्हा लावावं लागेल. ते मी आल्यावर करते.

आणि एक, नाना. शनिवारी कळलं तर मला रविवारी संध्याकाळी का सांगितलंत? आई म्हणाली, "पोरगी काय म्हणेल" म्हणून रात्रभर वही चाळत बसला होतात. नववीत मी फीचे पन्नास रुपये बोरी नदीवरच्या यात्रेत हरवून आले होते, तेव्हा तुम्ही काय म्हणालात आठवतं? काहीच नाही. सायकल काढली आणि मला घेऊन वाळवंटात शोधायला गेलात. सापडले नाहीतच.

शुक्रवारी रात्री निघते. आई, कळण्याचं पीठ दळून ठेव, वांगी मी आल्यावर भाजू.

तुमची,
छोटी