पॉप-अपचा मालक शोधून देणाऱ्या दादांस जाहीर आभार

प्रति,
लॅपटॉप दुरुस्तीवाले दादा,
लॅमिंग्टन रोड, ग्रँट रोड (पूर्व), मुंबई

स. न. वि. वि.

आमच्या दादरच्या अभ्यासिकेच्या नव्या लॅपटॉपवरचे पॉप-अप तुम्ही बंद करून दिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. पत्र जाहीर अशासाठी, की तुमची पद्धत चार लोकांना कळावी. कोपऱ्यात खिडकी उगवली की बहुतेक ठिकाणी 'फॉरमॅट मारू' हे उत्तर तयार असतं. तुम्ही आधी विचारलंत, ही खिडकी कुणाची?

विंडोजच्या सूचनेवर वरच्या बाजूला अ‍ॅपचं नाव असतं. तिथे क्रोम किंवा एज लिहिलेलं असेल आणि सोबत एखाद्या वेबसाइटचा पत्ता असेल, तर ती ब्राउझरमार्फत आलेली. नावच नसेल, तर एखादा प्रोग्रॅम स्वतः खिडकी उघडतोय. ती पडद्यावर असतानाच कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर (चालू असलेल्या प्रोग्रॅमची यादी) उघडायचा, संशयित नावावर राइट क्लिक करून 'ओपन फाइल लोकेशन' घ्यायचं. फोल्डरवरून मालक सापडतो. आधी घाईने खिडकी बंद केली तर पुरावाच जातो, हे तुम्ही सगळ्यांना बजावलंत ते बरं केलंत.

नव्या लॅपटॉपवर सर्वात जास्त कटकट असते ती आधीच भरून आलेल्या चाचणी मुदतीच्या अँटिव्हायरसची. लॅपटॉप बनवणाऱ्याला असं सॉफ्टवेअर भरण्याचे पैसे मिळतात, आणि मुदत संपत आली की 'तुम्ही धोक्यात आहात' सुरू होतं. लोक नुसतं 'नंतर आठवण करा' दाबत राहतात. मुदत संपल्यावरही तो जागा अडवून बसला, तर विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस, म्हणजे डिफेंडर, बाजूलाच राहू शकतो आणि मशीन खरोखरच उघडं पडू शकतं.

तुम्ही सांगितलेला क्रम इथे मुद्दाम लिहितो. सेटिंग्ज, अ‍ॅप्स, इन्स्टॉल्ड अ‍ॅप्स इथून तो अँटिव्हायरस अनइन्स्टॉल करायचा, म्हणजे काढून टाकायचा. मग रिस्टार्ट, शट डाउन नव्हे. फास्ट स्टार्टअप (मशीन लवकर सुरू व्हायची सोय) चालू असेल तर शट डाउनमध्ये विंडोजचा गाभा पूर्ण बंद होत नाही, तो साठवून ठेवला जातो आणि अर्धवट निघालेले तुकडे तसेच राहतात. त्यानंतर त्याच अँटिव्हायरस कंपनीच्या अधिकृत साइटवरून तिचं रिमूव्हल टूल घेऊन चालवायचं, पुन्हा रिस्टार्ट. ही पायरी गाळली की भाडेकरू गेला तरी दारावर त्याचीच पाटी, असं होऊ शकतं. विंडोज सिक्युरिटीला जुनंच नाव दिसत राहतं. शेवटी विंडोज सिक्युरिटीमध्ये 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन' उघडून रिअल-टाइम प्रोटेक्शन (सतत चालणारी राखण) चालू आहे ना, ते बघायचं. अँटिव्हायरसने ब्राउझरमध्ये टाकलेलं एक्स्टेंशन (जोड-प्रोग्रॅम) वेगळं काढावं लागतं, ते आपोआप जाईलच असं नाही.

'असू दे की, काय बिघडतं' म्हणणाऱ्यांसाठी २०१५ सालचं सुपरफिश प्रकरण पुरेसं आहे. लेनोवोच्या काही लॅपटॉपवर भरून आलेल्या त्या जाहिरातवाल्या सॉफ्टवेअरने स्वतःचं रूट सर्टिफिकेट (कुठली साइट खरी मानायची ते मशीनला सांगणारा मूळ दाखला) बसवलं होतं, आणि त्याची खाजगी किल्ली (असे दाखले बनवायचा गुप्त संकेत) सगळ्या मशीनवर एकच होती. त्यामुळे बँकेच्या सुरक्षित कनेक्शनमध्येही तिसऱ्याला शिरकाव करता आला असता. नको असलेलं सॉफ्टवेअर काढायचं ते बँकेत लॉगिन करण्याआधी, हे तुमचं म्हणणं आम्हाला शंभर टक्के पटतं.

'तुमच्या संगणकात पाच व्हायरस' असं ओरडणाऱ्या सूचना मात्र बहुतेकदा व्हायरसच्या नसतातच. एखाद्या साइटवर 'तुम्ही रोबो नाही ना, मग अलाउ दाबा' असं येतं, कुणीतरी दाबतं, आणि त्या साइटला सूचना पाठवायचा परवाना मिळतो. क्रोम पार्श्वभूमीत चालू असेल तर खिडकी बंद असतानाही त्या येत राहतात. अँटिव्हायरसने स्कॅन केलं तरी काही सापडत नाही, कारण मशीनवर काही बसलेलंच नसतं. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स असं जाऊन अनोळखी पत्ते काढून टाकायचे आणि यापुढे कुठल्याच साइटने विचारू नये असा पर्याय निवडायचा. एजमध्येही अशीच यादी असते, आणि ती तपासायची राहते, कारण 'आम्ही एज वापरतच नाही' असं सगळे म्हणतात.

विंडोजच्या स्वतःच्या सूचनांचं काम दोन मिनिटांचं. सेटिंग्ज, सिस्टिम, नोटिफिकेशन्सच्या अगदी तळाशी 'अ‍ॅडिशनल सेटिंग्ज' असतं. त्यातल्या टिकच्या खुणा काढायच्या. फाइल एक्सप्लोररमध्ये क्लाउडची जाहिरात येत असेल तर फोल्डर ऑप्शन्स, व्ह्यू इथली 'शो सिंक प्रोव्हायडर नोटिफिकेशन्स' ही खूण काढायची. ही जागा इतकी आडबाजूला का ठेवली असेल, ते सांगायला नको.

काय काढू नये याची यादी तुम्ही दिलीत, तिचं मोल आम्हाला जास्त वाटतं. उत्साहाच्या भरात लोक साउंड, ग्राफिक्स आणि टचपॅडचे ड्रायव्हरही (ते भाग चालवणारं सॉफ्टवेअर) उडवतात. लॅपटॉप कंपनीचं सपोर्ट अ‍ॅप वाढीव वॉरंटीच्या जाहिराती दाखवतं खरं, पण बायोस (मशीन सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट आणि बॅटरी ८० टक्क्यांच्या आसपास थांबवायची सोय बऱ्याचदा त्यातच असते. त्याच्या सूचना बंद करा, अ‍ॅप राहू द्या, हा तुमचा तोडगा नेमका आहे. आणि एवढं करूनही फॉरमॅट करायची वेळ आलीच, तर आधी बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्क-कुलपाची) ४८ अंकी रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट खात्यातून लिहून घ्यायची, हेही तुम्ही न विचारता सांगितलंत.

फोन नंबर दाखवणाऱ्या पॉप-अपबद्दल अभ्यासिकेत येणाऱ्या आजी-आजोबांना तुम्ही वेगळं समजावलंत, त्याबद्दल विशेष आभार. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर कधीच नसतो. पडदा अडकल्यासारखा झाला तर टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करायचा, आणि पुन्हा उघडताना जुनी पानं परत आणायला नकार द्यायचा. नंबरवर फोन करून कुणाला स्क्रीन शेअर केली असेल आणि पैसे गेले असतील, तर लगेच आधी बँकेला आणि १९३० या सायबर हेल्पलाइनला कळवायचं.

तुमचा हाताने लिहिलेला कागद आम्ही टाइप करून प्रत्येक टेबलाशी लावला आहे. त्यात आमची एकच भर आहे: विंडोजचं मोठं अपडेट झालं की 'अ‍ॅडिशनल सेटिंग्ज' आणि टास्क मॅनेजरमधली स्टार्टअप अ‍ॅप्सची यादी पुन्हा बघायची, कारण अपडेटनंतर नव्या खुणा चालू होऊन येऊ शकतात. टास्क शेड्युलरही (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांची यादी) त्यात घालावा का, यावर आमच्यात एकमत नाही; नवख्याने तिथे चुकीचं काही बंद केलं तर अपडेटच अडकायचं. तुमचं मत कळवा, त्याप्रमाणे कागद बदलू.

कळावे,
आपले,
अभ्यासिकेचा संगणक गट, दादर