कॉलेजच्या जिमला वस्ताद कधी मिळणार?

मा. संपादक साहेब, स.न.

मी मिरजेचा. कॉलेजात फुटबॉलमध्ये फुलबॅक खेळायचो, तिसऱ्या वर्षाला गुडघा गेला तो गेलाच. सुजला की बर्फ लावायचा, पट्टी आवळायची आणि रविवारी परत मैदानात, एवढंच आमचं ट्रेनिंग. आता स्पेअर पार्टचं दुकान आहे.

पोरगा कबड्डी खेळतो. त्याच्या कॉलेजात जिम आहे, मशिनी एकदम चकाचक, पण किल्ली शिपायाकडं, ते पाचला घरी जातात आणि पोरांची प्रॅक्टिस सुटते साडेपाचला! दुपारी जी पोरं आत घुसतात ती मोबाईलवर व्हिडिओ बघून डेडलिफ्ट (जमिनीवरनं वजन उचलायचं) मारतात, पाठीची पार कमान करून.

परवा दुकानात गिऱ्हाईक नव्हतं म्हणून अमेरिकेतल्या कॉलेजांचं वाचत बसलो. तिथला फुटबॉल म्हणजे आपला नव्हे, हेल्मेट घालून अंगावर जायचा तो. नेब्रास्का युनिव्हर्सिटीत बॉईड एपली नावाचा पोल व्हॉल्टवाला (काठीच्या आधारानं उंच उडी मारणारा) पाठ दुखावल्यावर वजनं मारायचा, त्याचं बघून फुटबॉलची जखमी पोरं पण मारायला लागली आणि आधीपेक्षा ताकदीनं परत यायला लागली, ते टॉम ऑसबॉर्न या असिस्टंट कोचच्या नजरेत आलं आणि १९६९ ला एपलीला पोरांकडनं वजनं मारून घ्यायच्या कामावर ठेवलं. हेड कोच बॉब डेव्हनीनं दम भरला म्हणे, एकजण जरी स्लो झाला तर तुला काढला! (वजनं मारली की अंग आखडतं असं तेव्हा तिकडं पण वाटायचं, आपल्याकडं काहींना अजून वाटतं.) १९७० आणि ७१ ला नेब्रास्का देशात चॅम्पियन. आता तिथं खेळून झालेले कितीतरी फुटबॉलवाले स्ट्रेंथ कोच (पोरांची ताकद कमवून घेणारे) होतात, आणि ते पण सर्टिफिकेटची परीक्षा देऊन, नुसतं 'मी पण खेळलोय' यावर भागत नाही.

अमेरिकेचं कौतुक कशाला म्हणाल, तर अहो आपल्या तालमीत वेगळं काय असतं? वस्ताद स्वतः कुस्त्या केलेला, कुणाला किती जोर, किती बैठका, कुणाला आज नुसती मालिश करून झोपवायचं हे तो पोराची चाल बघून ओळखतो. कॉलेजनं मशिनी घेतल्या, वस्ताद घ्यायचा राहिला.

आपल्या सांगलीच्या वेटलिफ्टर संकेत सरगरचं २०२२ ला बर्मिंगहॅमच्या कॉमनवेल्थ गेम्समध्ये कोपर दुखावलं आणि गोल्ड एका किलोनं हुकलं. त्याच्याजवळ तर शिकवणारे होते, आमच्या पोरांजवळ यूट्यूब आहे.

फिजिकल डायरेक्टर सरांवर ढकलू नका, त्यांना टीमा न्यायच्या, फॉर्म भरायचे, वर इलेक्शन ड्युटी. दोन-तीन कॉलेजांनी मिळून एक जुना खेळाडू ठेवावा, त्याच्या कोर्सची फी भरावी, संध्याकाळी पाच ते आठ जिम त्याच्या ताब्यात द्यावी. आमच्या टीमचा सेंटर हाफ आज रिक्षा चालवतो, फुकट यायला तयार होता, एका कॉलेजनं गेटवरनंच परत लावला, म्हणे बाहेरच्या माणसाला आत सोडत नाही.

आपला,
एक जुना फुलबॅक, मिरज